टीएमसीत न मावणारे पाणी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत सरोवर म्हणावे असे नैसर्गिक जलाशय नाहीत. येथील बहुतेक साठलेले पाणी माणसाने अडवलेले आहे. धरणांचे जलाशय, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पाझर तलाव, गावतळी, बारवा, लेण्यांतली आणि गडांवरची टाकी अशी ही मोठी मालिका आहे. निसर्गाने स्वतः राखलेले पाणी सापडते ते नदीपात्रातल्या डोहांत आणि डोंगरकपारीच्या झऱ्यांत. या साऱ्या पाण्याची चर्चा एरवी एकाच मापात होते: कोणत्या धरणात किती टीएमसी साठा आहे आणि पुढचे आवर्तन कधी सुटणार. शेतीच्या दृष्टीने ती चर्चा अपरिहार्य आहे. पण पाण्याची पर्यावरणीय किंमत केवळ साठ्याच्या आकड्यावरून कळत नाही. ती ठरते जलाशयाच्या उथळ काठावर, धरणाखालच्या डोहात आणि धरणाच्या वर असलेल्या डोंगरउतारावर, आणि नेमक्या याच तीन जागांकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

या भागाची पश्चिम सीमा म्हणजे सह्याद्रीचा कडा. कुकडी नदी नाणेघाटाच्या पूर्वेला, पूर गावाजवळच्या कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावते. मीना आंबोलीच्या डोंगरातून निघते, पुष्पावती माळशेजच्या बाजूने येऊन येडगावजवळ कुकडीला मिळते, मांडवी ओतूरकडून वाहते. आंबेगावची घोड नदी आहुप्याच्या कड्यालगत जन्मते आणि या सर्व नद्यांचे पाणी पोटात घेऊन भीमेला मिळते. कड्यावर उभे राहिले तर खाली कोकण दिसते, समुद्रही फार दूर नाही; पण येथे पडलेला थेंब पूर्वेकडे वळतो आणि भीमा-कृष्णेतून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. म्हणजे या दोन तालुक्यांत पाण्याचे जे होते, त्याचा परिणाम थेट सोलापूरपर्यंत जाणवतो.

पाऊस मात्र सर्वत्र सारखा नाही. भीमाशंकर, आहुपे, माळशेज या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला, बेल्हे किंवा आळे पठारावर, तो पाचशे-सहाशेवर येतो. त्यातच जमिनीखाली बेसॉल्ट आहे. हा काळा कातळ स्वतः पाणी फारसे धरत नाही; पाणी राहते ते त्याच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या मुरमात. त्यामुळे पश्चिमेला चार महिने धो धो कोसळलेले पाणी डोंगर झरझर उतरून जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच वाड्यांत हंड्याची रांग लागते. पाणी थांबवण्याची जागा असणे ही येथे जगण्याची अट आहे.

ही अट दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही ठाऊक होती. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत आणि त्यांच्याजवळ पाण्याची टाकी आहेत. प्राकृत शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पोढी दान करणे हे पुण्यकर्म मानले जाई. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्याची नोंद जुन्नरच्या लेण्यांत आहे, तर नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पोढीची. व्यापारी घाटवाटेने वर चढून आल्यावर पहिली गरज पाण्याची असे, म्हणून घाटमाथ्यावर हे दान. टाक्यांची रचनाही पाहण्यासारखी आहे. कातळात चौकोनी तोंड लहान ठेवलेले असते आणि आत पोकळी रुंद आणि खोल होत जाते. लेण्यांच्या दर्शनी भागावरून निथळणारे पाणी कोरलेल्या पन्हळीने तोंडाशी आणले जाते. ऊन आत पोहोचत नाही, म्हणून बाष्पीभवन कमी आणि शेवाळही कमी. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी आजही भर उन्हाळ्यात पाणी देतात. दख्खनच्या उघड्या जलाशयातून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर जाडीचा पाण्याचा थर हवेत उडून जातो, हे लक्षात घेतले की त्या कारागिरांची समज कळते.

माणसाचे आणि या नद्यांचे नाते त्याहूनही फार जुने आहे. बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. संशोधक तो सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडतात. त्या परिसरात अश्मयुगीन हत्यारेही मिळाली आहेत.

आजचे चित्र घडवले ते कुकडी प्रकल्पाने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्याची पाच धरणे. त्यांतले डिंभे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर आहे आणि त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. बाकीची चार जुन्नर तालुक्यात. डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे १२.५ टीएमसी, माणिकडोहचा सुमारे १०. पिंपळगाव जोगे, येडगाव आणि वडज त्यामानाने लहान. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३० कोटी. या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळा अशा सात तालुक्यांचा हक्क आहे. त्यामुळे प्रत्येक आवर्तनाच्या वेळी वरचे आणि खालचे, कालव्याच्या तोंडाचे आणि शेपटाचे असा वाद उभा राहतो.

त्या वादात जलाशयाला स्वतःचेही एक जीवन आहे, ही गोष्ट मागे पडते. पाणी पुरेसे खोल असले की सूर्यप्रकाश तळापर्यंत जात नाही. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, खालचा थंड राहतो, आणि दोन्हींची सरमिसळ थांबल्यामुळे तळाशी प्राणवायू कमी होतो. जलाशयाचा खोल मधला भाग म्हणूनच सजीवांच्या दृष्टीने विरळ असतो. खरी गजबज काठावर असते, जेथे पाणी घोट्यापासून गुडघ्याइतके आहे. तेथे उजेड तळाला लागतो, पाणवनस्पती रुजतात, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, लहान कोळंब्या वाढतात. माशांची पिल्ले मोठ्या माशांपासून लपायला तेथेच येतात आणि पक्षी त्यांच्या मागे.

हिवाळा सरता सरता पिंपळगाव जोगे किंवा येडगावच्या मागच्या बाजूला ही गोष्ट सहज पाहता येते. पाणी मागे सरकलेले असते आणि ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यावर शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर एकेक पाऊल टाकत चोचीने चिखल चाळत असतो. तुतारी अगदी पाण्याच्या रेषेवर धावते. थोड्या खोल पाण्यात हळदीकुंकू बदके आणि वारकरी तरंगत असतात. प्रत्येकाच्या पायाची आणि चोचीची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येकाची खोलीही वेगळी. माळशेज घाटाच्या माथ्याजवळ रोहित पक्षी पाहायला पर्यटक येतात तेही याच उथळ पाण्यामुळे. रोहित चोच उलटी धरून पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. खोल पाणी त्याच्या कामाचे नाही. काठ दगडी पिचिंगने सरळ केला, किंवा पाण्यालगत रिसॉर्टची भिंत आणि भराव आला, तर साठ्यातला एक थेंबही कमी होत नाही, पण पक्ष्यांचे घर मात्र संपते.

काठ जसा महत्त्वाचा, तसा धरणाखालचा डोहही. पूर्वी पावसाळा संपला की नदी हळूहळू बारीक होई आणि उन्हाळ्यात डोहांची साखळी उरे. मरळ, वांब, खवलीसारखे मासे त्या डोहांत तग धरत आणि पहिल्या पावसाला पाणी वाढले की प्रवाहाविरुद्ध वर चढून ओढ्यांत, भातखाचरांत अंडी घालत. हेच ‘चढणीचे मासे’. आता दोन्ही बाजूंनी कोंडी झाली आहे. धरणाची भिंत चढणीची वाट अडवते. धरणाखाली नदी आवर्तनाच्या वेळी दुथडी आणि एरवी कोरडी, अशी वाहते. त्यात बंधाऱ्यांचे पाणी अडवणारे ढापे वेळेवर न काढणे, पात्रातली वाळू उपसून नेणे आणि जूनच्या पहिल्या पुरात अंड्यांनी भरलेली मादी पकडणे यांची भर पडते. वाळू हे नदीचे गाळणे आहे. ती पाणी धरते, हळूहळू काठच्या विहिरींना सोडते आणि वरून येणारी घाण अडवते. ती गेली की उघडा कातळ उरतो, पूर वेगाने निघून जातो आणि शेजारची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०११ मध्ये पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या ११४६ जीवजातींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतल्या सुमारे १६ टक्के जाती धोक्यात आढळल्या. घाटातल्या गोड्या पाण्याचे नुकसान जंगलाइतके डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच ते अधिक काळजीचे आहे.

कालव्याच्या पाण्याने भूभाग किती बदलू शकतो याचे जुन्नरइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल. जेथे बाजरी आणि हरभरा होता तेथे ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा आला. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्याबाहेरही नावाजला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. त्यात सावली, ओल आणि लपायला जागा असते. बिबट्याने त्यात घर केले. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले मोठ्या संख्येने झाले, आणि तो प्रश्न आजही सुटलेला नाही. उसाच्या फडात जन्मलेल्या बिबट्याच्या पिल्लांनी जंगल पाहिलेलेही नसते. पिंजऱ्यात आलेले किंवा कठडा नसलेल्या विहिरीतून काढलेले बिबटे ज्या निवारा केंद्रात ठेवले जातात, ते केंद्र माणिकडोह येथे, धरणाजवळच आहे. पाण्याने शेतकऱ्याला पैसा दिला, आणि रात्री पिकाला पाणी द्यायला जाण्याची भीतीही दिली. यात दोष पाण्याचा नाही. पण धरण बांधताना जमिनीवरचे सगळे जीवनच बदलणार आहे याचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

ऊस आणि भाजीपाला आला तशी खतेही आली. शेतातून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद, आणि गावांचे सांडपाणी, नदीत आणि बंधाऱ्यांच्या साठ्यात जमा होते. पाण्याला अशी अतिरिक्त पोषकद्रव्ये मिळाली की आधी शेवाळ माजते, पाणी हिरवे दिसू लागते, आणि मग जलपर्णी पसरते. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली ही वनस्पती पृष्ठभाग झाकून टाकते. खाली उजेड जात नाही, कुजणारी पाने प्राणवायू खातात आणि मासे मरतात. यंत्राने जलपर्णी काढण्यावर खर्च होत राहतो आणि पुढच्या वर्षी ती परत येते, कारण तिचे अन्न पाण्यात येतच असते. मोठ्या बाजारगावांचे सांडपाणी नदीला मिळण्यापूर्वी शुद्ध करणे आणि वाड्यावस्त्यांवर शोषखड्डे करणे हाच त्यावरचा उपाय.

धरणांच्या वरची गोष्ट वेगळी आहे. पश्चिमेचा हा पट्टा प्रामुख्याने महादेव कोळी समाजाचा. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये झाले. त्यातले सदाहरित जंगल, देवराया आणि हिरड्याची झाडे पावसाचा मारा झेलतात आणि पाणी मुरू देतात. उतारावरच्या जमिनीत दगडी बांध घालून, माती अडवून भातखाचर तयार करण्याची येथील पद्धत म्हणजे पडकई. गावकरी एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबतात. बांध नीट असेल तर खाचर पावसाचे पाणी थांबवते, माती धरते आणि गढूळ पाणी निवळून खाली सोडते. म्हणजे प्रत्येक खाचर हा चार महिन्यांचा एक छोटा जलाशयच असतो. बांध ढासळले, झाडे गेली, रस्त्यांसाठी उतार मनमानी पद्धतीने कापले गेले, की माती सुटते. ३० जुलै २०१४ रोजी याच पाणलोटातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या दुर्घटनेच्या कारणांवर बरीच चर्चा झाली. उतारावरचे पाणी कसे निचरते याकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडते, हे त्या चर्चेत ठळकपणे पुढे आले. रोजच्या पावसात थोडी थोडी सुटणारी माती बातमीत येत नाही. ती डिंभे आणि माणिकडोहच्या तळाशी जाऊन बसते आणि साठा कमी करते.

डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. विस्थापित झालेल्या आदिवासी कुटुंबांपुढे बरीच वर्षे प्रश्न होता की समोर अथांग पाणी आहे, पण त्यावर हक्क कोणाचा. मासेमारीचा ठेका बाहेरच्यांकडे जाई. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने लोकांनी मच्छीमार सहकारी संस्था उभी केली, मत्स्यबीज सोडणे, नावा आणि जाळी यांची व्यवस्था केली, आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पीक घेण्याचा हक्क मिळवला. पडकईच्या कामालाही संस्थेने हात दिला. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. येथे शिकण्यासारखे असे की ज्यांचे पोट जलाशयावर आहे, ते बारीक आसाची जाळी आणि विणीच्या काळातली मासेमारी थांबवण्यात स्वतःहून रस घेतात. ठेकेदाराला पुढच्या हंगामाची काळजी नसते.

कायद्याची बाजू मात्र कमकुवत आहे. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या पाणथळ जागांच्या कराराने मानवनिर्मित जलाशयांनाही पाणथळ मानले. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर, मुळात गोदावरीवरच्या बंधाऱ्याने तयार झालेले आहे. पण भारताच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून नदीपात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आणि सिंचनासाठी बांधलेले साठे वगळले आहेत. जुन्नर-आंबेगावला ही व्याख्या लावली तर येथील जवळजवळ सगळेच पाणी या संरक्षणाबाहेर राहते. ही मोठी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत दुसरे मार्ग वापरावे लागतात. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीची समिती आपल्या डोहांची, तळ्यांची, माशांची आणि पक्ष्यांची नोंदवही करू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्यात जलाशयातल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य आहे, आणि कलम ५ ने ग्रामसभेला पाणलोट व पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार दिला आहे. पश्चिमेच्या आदिवासी गावांसाठी हे कलम फार मोलाचे आहे.

लहान पाण्याचे प्रश्न वेगळे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलसाठा गणनेत देशभर २४,२४,५४० साठे मोजले गेले. महाराष्ट्रात सुमारे ९७ हजार. गावतळी आणि पाझर तलाव विहिरींना पाणी पुरवतात, गुरांना प्यायला देतात आणि बेडूक, चतुर, सरडे, साप यांना आसरा देतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ शेतात जातो हे दोन्हीकडून फायद्याचे आहे, पण गाळ काढताना भान लागते. तळाचा चिकणमातीचा थर खरवडून मुरूम उघडा पडला तर गावतळे गळू लागते. पाझर तलावात मात्र तळ थोडा सैल होणे हिताचे असते. काठ उभा कापला तर जनावरे उतरू शकत नाहीत आणि पाणवनस्पती रुजत नाहीत. एका बाजूने तरी उतरता काठ आणि थोडी झुडपे राखावी लागतात. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात यांपैकी काहीच नसते. ते बहुतेक वेळा विहिरीतून उपसून भरले जाते, म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात उघडे ठेवले जाते. शिवाय निसरड्या कागदावरून घसरून पडलेली कोल्ह्या-मुंगसासारखी जनावरे बाहेर येऊ शकत नाहीत. दोन बाजूंना सुंभाची जाळी किंवा गाठी मारलेले दोर सोडले तरी त्यांचा जीव वाचतो, आणि असा दोर कधी चुकून आत पडलेल्या मुलाच्याही हाताला लागू शकतो.